काउंटरच्या खुर्चीवर कोण

सोमवार, ४ मार्च

ही वही नवऱ्याने आणून दिली. म्हणाला, रोज जेवताना ओरडतेस त्यापेक्षा इथे लिही, कागदाला अपचन होत नाही. विनोद बरा होता, पण मला हसू आलं नाही. तरी लिहिते, कारण आज लिहिलं नाही तर उद्या कोणाचं तरी डोकं फोडीन.

सकाळी लॅबच्या काउंटरवर एक बसचालक येऊन उभा राहिला. मागच्या आठवड्यात त्याने आमच्याकडे रक्त तपासून घेतलं होतं. साखर वाढलेली निघाली. तो रिपोर्ट त्याच्या हातात पडायच्या आधी त्याच्या कंपनीच्या हातात पडला आणि कंपनीने त्याला गाडीवरून उतरवलं. माणूस आरडाओरडा करत नव्हता. नुसतं विचारत होता की रक्त माझं, रिपोर्ट माझा, मग त्यांना आधी कसा कळला.  आरोग्य खात्याच्या तपासनिसाकडे तक्रार करतो म्हणाला आणि गेला.

मग डॉक्टरसाहेबांनी, म्हणजे लॅबच्या मालकांनी, मला बोलावलं, कारण लॅबची मशीनं आणि नेटवर्क मी सांभाळते. केबिनमध्ये नाही, काउंटरवरच, सगळ्यांसमोर. मी फायरवॉलच्या नोंदी आधीच काढून ठेवल्या होत्या. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत काउंटरच्या मशीनवरून एक फाइल कुठल्याशा मेलसेवेवर चढवली गेली होती. तेवढं सांगितलं. कोणी चढवली, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ते सांगता येणार नाही. फायरवॉलला मशीन कळतं, माणूस कळत नाही, आणि त्या मशीनवर दिवसभरात पाच-सहा जण बसतात.

"मग ही तुमची फुकटची फायरवॉल काय चाटायची आहे?" साहेब म्हणाले.

पावतीवाली पोरगी खाली मान घालून हसली. तळपायाची आग मस्तकात गेली माझ्या. इतकी वर्षं बाहेरचा एक माणूस या लॅबच्या मशीनमध्ये शिरू शकलेला नाही, ते कोणाला दिसत नाही. न फुटलेलं धरण बघायला कोणी जात नाही.

नवऱ्याने संध्याकाळी विचारलं, फायरवॉल म्हणजे नक्की काय गं? इतक्या वर्षांच्या संसारानंतर. मी म्हटलं, इमारतीचा वॉचमन. आत कोण येतंय, बाहेर काय जातंय, यावर नजर. तो म्हणाला, मग वॉचमनला चेहरे ओळखता यायला नकोत का? हाही त्यांच्यातलाच.

मंगळवार, ५ मार्च

साहेबांनी एका विक्रेत्याला बोलावलं होतं. कोट, चकचकीत पेटी, चकचकीत हसू. त्याच्या फायरवॉलला म्हणे माणूस ओळखता येतो. पेटी सीलबंद. आत काय चालतं ते कोणी बघायचं नाही, नुसता विश्वास ठेवायचा. माझी फायरवॉल ओपन सोर्स आहे. तिचा कोड कोणालाही उघडून वाचता येतो, दुरुस्त करता येतो, न विचारता वापरता येतो. मी स्वतः कितीदा तरी त्यात भर घातली आहे. फुकट म्हणजे फालतू असं ज्यांना वाटतं त्यांना श्वासाचं बिल लावायला हवं.

मी साहेबांना सांगितलं, महिनाभर थांबा, मी हिला माणूस ओळखायला शिकवते. विक्रेता हसला. त्या हसण्यासाठी तरी मी हे करणार.

युक्ती अवघड नाही. मशीनवर कोणी बसलं की फायरवॉल आधी नाव आणि पासवर्ड विचारणार. बरोबर असला की त्या मशीनवर त्या माणसाचं नाव चिकटवणार. मग त्या मशीनवरून बाहेर जे जाईल ते त्या नावाने नोंदलं जाईल. पुन्हा असं काही झालं तर एका क्षणात नाव हातात. चोर सोडून संन्याशाला फाशी, हा प्रकार तरी बंद होईल.

रविवार, १० मार्च

आज नणंदबाई आल्या होत्या. खरं तर धाकटी नणंद, मी तिला अगंतुगं करते, पण राग आला की ती नणंदबाई होते. काउंटरवर काम करते. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा दोन वर्षं आमच्याकडे होती. जेवताना भात कमी घ्यायची, फ्रीज उघडायच्या आधी विचारायची, स्वतःच्या भावाच्या घरात. मग मीच तिला लॅबमध्ये लावून दिलं. पहिल्या पगारानंतर तिने खोली घेतली. छोटीशी आहे, खिडकीतून समोरच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही, पण तिने दारावर स्वतःच्या नावाची पाटी लावली, आणि मला किल्ली दाखवताना तिचा चेहरा काय झाला होता ते मला आठवतं. "वहिनी, आता परत कोणाच्या घरात पाहुणी म्हणून राहणार नाही," असं म्हणाली होती.

आज मात्र तिने डोकं उठवलं. लॉगिनची बातमी काउंटरवर पोचली आहे. म्हणे सुईवाले काका, जे रक्त काढतात, ते घाबरले आहेत. त्यांना पासवर्ड लक्षात राहत नाहीत. पावतीवालीला वाटतं की तिच्यावर पाळत ठेवणार. सकाळी उपाशीपोटी माणसं रांगेत असतात, ज्याचा हात मोकळा तो कीबोर्ड ओढतो, त्यात दर वेळी नाव-पासवर्ड कसं जमायचं? मी म्हटलं, जमवायचं. तू सगळ्यांची वकिली घेऊन का आलीस?  पहिल्यापासून हिची ही सवय, सगळ्यांच्या पुढे पुढे करायचं आणि मग कंबर धरून बसायचं.

गुरुवार, १४ मार्च

कोडचा पहिला भाग प्रकल्पाकडे पाठवला. ही फायरवॉल ज्या मंडळींनी उभी केली, त्यातला एकजण नवा कोड तपासतो. त्याला मी कधी पाहिलेलं नाही, कोणत्या देशात असतो तेही माहीत नाही. नावाजवळ घुबडाचं चित्र लावतो म्हणून मी त्याला घुबड म्हणते. कधी स्तुती करत नाही, प्रश्न तेवढे विचारतो.

आज विचारलंय, चिकटवलेलं नाव निघणार कधी? आणि एका मशीनवर दोन माणसं बसली तर?

अहो, एका मशीनपुढे एक खुर्ची असते. मी लिहिलं, आमच्याकडे एका खुर्चीवर दोन माणसं बसत नाहीत. दुसऱ्याने बसण्याआधी पहिल्याचं नाव काढावं, एवढी अक्कल माणसाला असते.

याच्या घरी बहुतेक माणसंच नसतील.

गुरुवार, २१ मार्च

तीन दिवस एकाच चुकीपाशी अडकले होते. बरोबर पासवर्ड टाकला तरी फायरवॉल "तुम्ही कोण?" म्हणून पुन्हा विचारायची. सासूला सुनेची ओळख न पटावी तसं. आज सापडलं. माझीच चूक होती, एक ओळ चुकीच्या जागी. नवऱ्याला सांगितलं तर म्हणाला, चला, म्हणजे तुझी पण चूक होते. दोन तास बोलले नाही त्याच्याशी.

घुबडाने परत तोच प्रश्न विचारलाय. तुमच्याकडे दोघं बसत नसतील, पण हा कोड इतरही वापरतील, त्यांचं काय? मी उत्तर दिलं नाही. प्रश्न विचारायला काय जातं.

साहेबांचा वेगळाच तगादा. त्या बस कंपनीचे अधिकारी पुढच्या आठवड्यात येणार, मीटिंगच्या खोलीत त्यांना इंटरनेट लागेल. कंपनीतल्या सगळ्या कामगारांच्या तपासण्या आपल्याकडे याव्यात म्हणून साहेब मागे लागले आहेत. चालकाचा रिपोर्ट फुटला तरी हे लोक यायला तयार आहेत म्हणजे साहेबांची जीभ गोड असणार. माझ्याशी बोलताना ती कुठे जाते कोणास ठाऊक.

सोमवार, ८ एप्रिल

आज लॉगिन सुरू केलं. घुबडाची मान्यता अजून नाही, पण आमच्या लॅबला त्याची परवानगी लागत नाही.

पहिल्या तासातच धिंगाणा. सुईवाले काका पासवर्ड विसरले. पावतीवालीने तीनदा चुकीचा टाकला आणि तिचं नाव बंद झालं. दहा मिनिटं हात लावला नाही की फायरवॉल नाव काढून टाकते, त्यामुळे प्रत्येक रुग्णामागे पुन्हा लॉगिनचं पान. रांग दारापर्यंत. काउंटरवरून नणंदेचे फोनवर फोन. वहिनी, काकांचा नवीन पासवर्ड द्या. वहिनी, हिचं नाव उघडून द्या. शेवटी मी म्हटलं, काय शाळा आहे का ही? ज्याचं नाव बंद झालं त्याने स्वतः जिना चढून माझ्याकडे यावं आणि कारण सांगावं.

दुपारी कोणी आलं नाही. घाबरले, बरं झालं.

मंगळवार, ९ एप्रिल

साहेब वर आले आणि टेबलावर हात आपटून गेले. त्यांच्या ओळखीचे कोणी रांगेत ताटकळले होते. लॉगिन हवं, पण लोकांना त्रास नको. पोहायचं आहे पण भिजायचं नाही. मी काय केलं, दहा मिनिटांची मुदत काढून टाकली. सकाळी एकदा लॉगिन केलं की संध्याकाळपर्यंत नाव तसंच राहील. घ्या. पुन्हा कोणी तोंड उघडू नये.

स्वतः साहेबांना लॉगिन नको आहे. त्यांना नाव दिलं तर म्हणाले, मालकाने स्वतःच्या दारात ओळखपत्र दाखवायचं का? त्यांच्या केबिनचं मशीन मोकळं सोडलं. तसंही तिथे रिपोर्ट उघडत नाहीत. ते फक्त काउंटरवर आणि आतल्या तपासणीच्या खोलीत उघडतात.

शुक्रवार, १२ एप्रिल

तीन दिवसांत एकही फोन नाही. पासवर्ड विसरलेला नाही, नाव बंद पडलेलं नाही, जिन्यावर कोणी नाही. माणसाला जरा कडक बोललं की सगळं लक्षात राहतं. आमच्या गणिताच्या बाई म्हणायच्या तेच खरं.

सकाळी लवकर गेले तर नणंदबाई माझ्याही आधी हजर. सुईवाले काका यायच्या आधी काउंटर पुसून, मशीन सुरू करून बसलेली. मी म्हटलं, एवढ्या लवकर? तर म्हणाली, सगळं चालू करून ठेवलं की गर्दीच्या वेळी कोणाचा खोळंबा होत नाही. परत पुढे पुढे. पण आज मी काही बोलले नाही, कारण माझा मूड चांगला होता.

साहेब दुपारी जिन्यात भेटले, काउंटरवरूनच वर येत होते. जेवणाच्या सुट्टीत अर्धा तास तिथे बसतात म्हणे, मालकाने काउंटरवर बसलं की धंदा कळतो. पहिल्यांदाच मला शाबासकी दिली. विक्रेत्याला परत पाठवलंय. मी त्याच्या हसण्याची आठवण काढत पेढा खावा तसा चहा प्यायले.

बुधवार, २४ एप्रिल

पुन्हा फुटला. त्याच बस कंपनीतल्या मेकॅनिकचा रिपोर्ट. त्याला कावीळ निघाली आणि त्याच्याआधी कंपनीला कळलं. तपासनीस सोमवारी येणार आहे.

मी धावत वर गेले. या वेळी मला माहीत होतं की माझ्याकडे नाव आहे. आनंद झाला होता, आता लिहायला लाज वाटते, पण आनंदच. नोंद उघडली. काल, जेवणाची सुट्टी, काउंटरचं मशीन, फाइल बाहेर. आणि पुढे नाव.

नणंदेचं.

मी ते नाव कितीदा तरी वाचलं. मग राग आला, असा की डोळ्यांपुढे पांढरं झालं. जिला मी घरात घेतलं, जिला मी ही नोकरी लावून दिली, तिने माझ्याच नाकाखाली, मी बांधलेल्या दारातून. कंपनीवाले तिला काय देत असतील? त्या खोलीसाठी? आणि वर सगळ्यांची वकिली.

गुरुवार, २५ एप्रिल

सकाळी तिला जिन्यात गाठलं. म्हटलं, खरं सांग, अजूनही सांभाळून घेईन. तिला आधी कळेचना. कळलं तेव्हा म्हणाली,

"मी नव्हते वहिनी. त्या वेळी मी काकांच्या मदतीला आत असते, रोजच असते."

"नाव तुझं आहे."

"असेल. पण मी नव्हते."

"मग कोण होतं?"

ती काही तरी बोलणार होती. मी म्हटलं, कोणाचं नाव घेऊ नकोस, नोंदीत जे आहे तेच खरं, माणसं खोटं बोलतात, मशीन बोलत नाही. तर तिने माझ्याकडे बघितलं आणि जिना उतरून गेली. पुढे पुढे करणाऱ्या बाईला आज स्वतःसाठी दोन वाक्यं सापडली नाहीत. यातच सगळं आलं.

खाली काउंटरवर सगळ्यांना सांगितलं, नाव सापडलं आहे, तुमच्यापैकी कोणी आता घाबरायचं कारण नाही. मग साहेबांकडे कागद दिला. नातं आहे म्हणून लपवलं, असं उद्या कोणी म्हणायला नको. साहेबांनी कागद नीट वाचलाही नाही. म्हणाले, तुमच्या घरातलं माणूस असून तुम्ही दिलंत, मानलं तुम्हाला. दुपारपर्यंत तिला काढलं. तपासनिसाला दाखवायला नाव मिळालं, साहेब दिवसभर शीळ घालत होते.

मी बरोबर केलं.

शुक्रवार, २६ एप्रिल

नवरा काल जेवला नाही. आज म्हणाला, तिने खोलीच्या मालकाला खोली सोडते म्हणून कळवलंय. मी म्हटलं, येऊ दे की इथे, आपण टाकणार थोडीच आहोत. त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी परक्या भाषेत बोलले. मग म्हणाला, "ती लहानपणी कोणाची पेन्सिल चुकून घरी आणली तर रडत परत द्यायला जायची."

लहानपणी सगळेच रडतात.

सोमवार, २९ एप्रिल

हे नीट लिहायला हवं.

तपासनीस यायच्या आधी आवराआवर म्हणून साहेबांनी शुक्रवार-शनिवार लॅब बंद ठेवली होती. आज सकाळी उघडल्यापासून माझा फोन वाजायचा थांबेना. काउंटर बंद. लॉगिनचं पान, आणि कोणी आत जाऊ शकत नाही. मी खाली गेले. रांग रस्त्यापर्यंत. सगळे उपाशीपोटी आलेले. एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून घामाघूम झालेले, एका बाईच्या कडेवरचं बाळ भुकेने रडत होतं. आणि काउंटरमागे माझी शहाणी मंडळी त्या पानाकडे बघत उभी.

पासवर्ड टाका की, मी ओरडले. सुईवाले काका म्हणाले, मला आठवत नाही. पावतीवाली म्हणाली, माझं नाव तर पहिल्या दिवसापासून बंदच आहे. मी म्हटलं, मग इतके दिवस काम कसं केलंत?

"ताई टाकायच्या ना," पावतीवाली म्हणाली. "सकाळी येऊन त्यांचा टाकून ठेवायच्या. मग दिवसभर सगळे करायचो."

बाळ रडत होतं. म्हाताऱ्यांना खुर्ची द्यायला हवी होती. जे सुचलं ते केलं. खुर्ची ओढली, माझं नाव टाकलं, माझा पासवर्ड टाकला, आणि म्हटलं, घ्या, करा काम. पान निघून गेलं. रांग हलली. मी पाणी प्यायले आणि वर निघून आले.

अर्ध्या जिन्यात पाय थांबले. मी वर होते, आणि खाली काउंटरवर मीच बसलेली होते. फायरवॉलला विचारलं तर ती हेच सांगेल. संध्याकाळपर्यंत सांगत राहील, कारण मुदत मीच काढून टाकली आहे.

मी तिथेच पायरीवर बसले.  जेवणाची सुट्टी झाली तसे साहेब माझ्या बाजूने खाली उतरले. जिन्यात का बसलात, असंही विचारलं नाही. मी मागोमाग गेले. काउंटर रिकामं होतं. पावतीवाली डबा खात बाकावर, काका आत. साहेबांनी खुर्ची ओढली, बसले, आणि माउस हातात घेतला.

मी काउंटरच्या या बाजूला उभी राहिले, रुग्ण उभे असतात तिथे.

"साहेब, फायरवॉलच्या मते आत्ता या खुर्चीवर मी बसले आहे."

ते हसले. त्यांना कळलं नाही. मी पुन्हा सांगितलं, आणि म्हटलं, मागच्या मंगळवारी याच वेळी या खुर्चीवर माझी नणंद बसली होती, असं तीच फायरवॉल म्हणते. तेव्हा इथे खरोखर कोण बसलं होतं? माउसवरचा हात थांबला. बाकावरची पावतीवाली चावायची थांबली. आतून काका दारात आले, हातमोजे काढत.

"साहेबच बसतात की रोज," काका म्हणाले. "ताई तेव्हा आत माझ्यासोबत असतात."

मी त्यांच्यावरच उसळले. गुरुवारी मी इथे उभी राहून सगळ्यांना सांगितलं तेव्हा तोंड शिवलं होतं का? काका शांतपणे म्हणाले, "तुम्ही विचारलंत कुठे? तुम्ही सांगायला आला होतात."

साहेब उठले. लॅब माझी, मशीन माझं, मी कुठेही बसेन, म्हणाले. केबिनमध्ये या, म्हणाले. मी गेले नाही. ज्याने मला काउंटरवर सगळ्यांसमोर विचारलं, त्याने उत्तरही काउंटरवरच द्यावं. ते एकटेच केबिनमध्ये गेले.

मंगळवार, ३० एप्रिल

तपासनीस काल संध्याकाळी आला होता. साहेबांनी त्याला नणंदेच्या नावाचा कागद दिला. मी जाऊन सांगितलं की हा कागद मी काढला आहे आणि तो चूक आहे. यात कोणाचं लॉगिन होतं ते कळतं, कोण बसलं होतं ते कळत नाही. त्याने विचारलं, मग हे बनवलं कोणी? मी म्हटलं, मीच. त्याने तेही लिहून घेतलं. काकांनी आणि पावतीवालीनेही आपापलं सांगितलं. पुढे काय होईल माहीत नाही. चौकशी म्हणजे गोगलगाय.

साहेबांनी मला काढायच्या आधी मी राजीनामा दिला. त्यांनी निरोप पाठवला की नणंद परत आली तर घेऊ, तुम्ही जबाब मागे घ्या. मी निरोप्याला जे बोलले ते या वहीत लिहिण्यासारखं नाही.

बस कंपनीचं काम मिळावं म्हणून तिच्या कामगारांचे रिपोर्ट आधी तिकडे जात होते, हे मला आता कळतं. साहेबांचा राग येतो तो येतोच. पण त्यांनी मला फसवलं, असंही म्हणता येत नाही. ते रोज माझ्यासमोरून जिना उतरत होते.

रविवार, ५ मे

नणंदेकडे गेले. काय बोलायचं ते ठरलं नव्हतं, तरी गेले. दारावरची पाटी काढलेली होती, तिथे खिळ्यांची चार भोकं. आत खोकी. ती भांडी कागदात गुंडाळत होती.

मी सगळं सांगितलं. लॉगिन, मुदत, खुर्ची, साहेब. मध्ये मध्ये साहेबांना शिव्या देत होते, काकांना देत होते, पावतीवालीला देत होते. ती भांडी गुंडाळत राहिली. मग मी थांबले, कारण शिव्या द्यायला आणखी कोणी उरलं नव्हतं. म्हटलं, मी चुकले गं. तपासनिसाला सांगितलंय. खोलीच्या मालकाशी मी बोलते, खोली सोडू नकोस.

ती म्हणाली, खोली दुसऱ्यांना दिली, ते बुधवारी राहायला येणार. दादा म्हणाला आहे, त्याच्याकडे ये. म्हणजे माझ्याकडे. पुन्हा भात कमी घ्यायला, फ्रीज विचारून उघडायला. मी म्हटलं, दुसरी नोकरी मिळेपर्यंतच. ती हो म्हणाली. तिने तर सगळ्यांना हो म्हणायचं ठरवलेलंच असतं.

निघताना ती जिन्यापर्यंत आली. मला वाटलं, आता रागावेल. मी वाट बघत होते, खरंच. कडकडून भांडली असती तर मला बरं वाटलं असतं.

"साहेबांचं सोडा, वहिनी," ती म्हणाली. "ते माझे कोण? पण त्या दिवशी मशीनने सांगितलं ते तुम्हाला लगेच पटलं. मी सांगितलं ते नाही."

आवाज चढवला नाही. मग विचारलं, खोकी न्यायला दादा किती वाजता येईल, आणि आत गेली.

घरी आल्यावर आधी माझी खोली रिकामी करायला घेतली. खिडकीची, ज्यात माझं टेबल आहे ती. नवऱ्याने काही न विचारता टेबलाचं दुसरं टोक धरलं. तिच्या पाटीचं मी विचारलं, तर म्हणाला, ती तिने पिशवीत तळाशी ठेवली आहे. मी म्हटलं, या दाराला खिळे ठोक. तो म्हणाला, आधी तिला विचार. बरोबर बोलला. विचारीन.

मग स्वयंपाकघरात मशीन ठेवून बसले. घुबडाचा प्रश्न तसाच पडून होता, मार्चपासून. एका मशीनवर दोन माणसं बसली तर? माझा कोड मागे घेते म्हणून कळवलं. खाली त्याच्या प्रश्नाचं उत्तर लिहिलं.

बसतात. आमच्याकडे सहा बसत होते. मला विचारायला हवं होतं.